खड्याचा दोष

निशानं खडा चिमट्यात धरून आडवा केला, दिव्याखाली नेला आणि डोळ्याला भिंग लावलं. वरून पाहिलं तर खड्यात हिरवे-निळे ठिपके नाचत होते. कडेनं पाहिल्यावर मात्र त्याच्या पोटातून गेलेली सरळ रेघ स्पष्ट दिसली. वर ओपलची पातळ चकती, खाली काळा दगड आणि मधे गोंद.

"जोडलेला आहे," ती मान खालीच ठेवून म्हणाली. "वरचा पापुद्रा तेवढा खरा. पाण्यात राहिला तर गोंद सुटेल आणि आतून पांढरा पडेल."

"बगा! नि त्या कल्यानच्या जोतिषानं मना छातीवर हात ठेवून सांगितलं, अस्सल हाय म्हून."

निशानं भिंग खाली ठेवलं. तो आवाज तिला ओळखायचा नव्हता, पण ओळखू आला. टेबलापलीकडच्या स्टुलावर, जरीच्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, शालू बसली होती. निशाची एके काळची सासू.

डोंबिवलीच्या फडके रोडजवळच्या गल्लीत मधुशेठची ही पेढी. पुढे सोनं-चांदी, मागच्या काचेच्या खोलीत निशाचं टेबल. गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुढेच असायचं आणि खडा तेवढा तबकातून आत यायचा. आज शेठनी गिऱ्हाइकालाच आत पाठवलं होतं.

"तू गो?" शालूनं तिच्याकडे निरखून पाहिलं. लाजणं-बिजणं सोडाच, तिचा चेहरा चक्क खुलला. "तू हितं असतेस व्हय? बरं जालं बाय. भायेरचे फसवतात. वलखीचं मानूस फसवनार नाय."

निशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शालूनं शिवी दिली असती, तोंड फिरवलं असतं, तर एक वेळ परवडलं असतं. पण ही बाई जणू मागच्या दिवाळीला भेटल्यासारखी बोलत होती.

"बोला काकू," निशा म्हणाली. सून असताना ती तिला आई म्हणत असे. शालूला तो बदल जाणवला की नाही, कुणास ठाऊक. तिनं पर्समधून रुमाल काढून मानेचा घाम पुसला आणि पंख्याखाली सरकून बसली.

घडलं होतं ते साधंच, आणि गावात दहा जणींच्या बाबतीत घडतं तसंच. ठाकुर्लीच्या त्या घरात निशा सून म्हणून गेली आणि वर्ष व्हायच्या आत तिचे सासरे गोपीनाथ सकाळी मोरीवर दात घासताना कोसळले. त्यांची उजवी बाजू गेली. हॉस्पिटलच्या बाहेर सगळं गणगोत जमलं होतं, आणि तिथं सगळ्यांच्या देखत शालू म्हणाली, "ही पांढऱ्या पायाची हाय. हिचा पाय लागला नि माझं घर बसलं." डॉक्टर रक्तदाबाबद्दल बोलत होते, ते कुणी ऐकलं नाही. मग "चार दिवस माहेरी जाऊन ये" झालं. प्रफुल्लनं, म्हणजे नवऱ्यानं, तिला शहाडला सोडलं तेव्हा बाइकचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही. ते चार दिवस काही संपले नाहीत. शेवटी कोर्टात सह्या झाल्या. पण तो शब्द तिच्या मागोमाग शहाडलाही आला. चुलतबहिणीची हळद लागली तेव्हा मांडवात सगळ्या बायका होत्या आणि निशाला आत भाजी निवडायला बसवलं होतं. तिच्या आईनं तोंडातून ब्र काढला नाही. भाजी मात्र तिनंही निशाच्या शेजारी बसून निवडली.

त्यानंतर निशानं रत्नपरीक्षेचा कोर्स केला. शहाडच्या बायका म्हणाल्या, बघा, आता ही लोकांना ग्रह विकणार. तिला ग्रहांशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला असं काहीतरी हवं होतं ज्याचं खरंखोटं भिंगाखाली ठरतं आणि दहा जणांनी दहा बाजूंनी ओरडून बदलत नाही.

"प्रफुल्लचं लगीन हाय," शालू सांगत होती. "कल्यानची पोरगी. चांगली शिकेल हाय. पन तिच्या पत्रिकेत शुक्र पडलाय बोलतात. ओपल घाला, सगलं नीट व्हईल. लग्नानंतरच्या शुक्रवारी सत्यनारायन हाय, तवा घालायचा."

"कसा घालणार?"

हा प्रश्न निशा प्रत्येकाला विचारायची. तो तिच्या कामाचाच भाग होता.

"जसा घालतात तसा. रातभर पंचामृतात ठेवायचा, सकाली दुधानं धुवायचा, नि पूजा जाली की सगल्यांच्या म्होरं पोरीच्या बोटात."

निशानं चिमटा खाली ठेवला.

ओपल हा विचित्र दगड आहे. हिरा-माणकासारखा तो टणक नसतो. वाळूचा आणि पाण्याचा बनलेला असतो आणि त्याच्यातला रंग हा रंग नसतोच, आतल्या बारीक कणांवरून फुटणारा उजेड असतो. त्यातही जाती असतात. ऑस्ट्रेलियाचा ओपल पाण्यात घातला तरी तसाच राहतो. इथिओपियाचा मात्र पाणी पितो. कोरडा असताना तो असा पेटतो की बघणाऱ्यानं डोळे मोठे करावेत, पण पाण्यात ठेवला की तासाभरात सगळे रंग विझून काचेचा तुकडा होतो. दूध, मध, तेल, अत्तर, हळद, जे लागेल ते तो आत ओढून घेतो. म्हणून तो विकताना निशा गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगायची: हात धुताना अंगठी काढा, स्वयंपाकात घालू नका, उन्हात ठेवू नका, तडकेल, मऊ फडक्यानं नुसता पुसा, आणि पूजेत बुडवायचाच असेल तर बोटानं दुधाचा एक थेंब लावल्यासारखं करा. शास्त्र राखलं जातं आणि दगडही वाचतो. लोक ऐकायचे. मधुशेठच्या पेढीचं नाव त्यामुळेच होतं.

निशा उठली, कपाटातून दोन तबकं काढली. एकात ऑस्ट्रेलियाचे खडे होते, पांढरट, शांत. दुसऱ्यात इथिओपियाचे.

शालूनं पहिल्या तबकाकडे नावालाही पाहिलं नाही. तिचा हात सरळ दुसऱ्या तबकातल्या सगळ्यात मोठ्या खड्यावर गेला. करवंदाएवढा, पोटात लाल आणि हिरवा जाळ.

"हा!" ती म्हणाली. "हाच दे. लोकांना दिसायला पायजेल ना."

"खरा आहे. जोडलेला नाही. सर्टिफिकेट मिळेल," निशा म्हणाली. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

खड्याची निगा कशी राखायची, ते तिनं सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, वाक्य जिभेवर आलं होतं, आणि तिनं ते सावकाश गिळून टाकलं. खडा अंगठीसाठी पेढीतच ठेवून शालू उठताना म्हणाली, "तुझं पन बरं चाललंय ना गो? नशिबात असतं ते व्हतं बग." निशा हसली. बऱ्याच वर्षांनी ती शालूकडे बघून मनापासून हसली.

"ओपल विकला गेला का?" मधुशेठनी संध्याकाळी विचारलं. "सांगितलंस ना सगळं त्यांना?"

"हो," निशा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेठ जेवायला गेल्यावर, तिनं त्याच लॉटमधली एक बिनकामाची कपची काढली. जिभेच्या टोकाला लावली तशी ती हलकेच चिकटली. पाणी पिणारा दगड असाच ओळखतात. मग वाटीत दूध, थोडं दही, चमचाभर मध आणि साखर कालवून तिनं ती कपची आत सोडली आणि काम करता करता मधूनमधून चमच्यानं वर काढून पाहत राहिली. हिरवा आधी गेला. मग निळा. लाल बराच वेळ तग धरून होता, शेवटी तोही गेला. उरला तो गढूळ, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा तुकडा. निशाला इतका आनंद झाला की तिनं उरलेला मध चाटून खाल्ला.

त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष नव्हतं असं म्हणता येणार नाही, उलट कधी नव्हे इतकं होतं. पण डोळ्यांसमोर सारखा तो शुक्रवार यायचा. ठाकुर्लीच्या बंगल्याचा हॉल, चौरंग, केळीचे खांब, भावकीतल्या सगळ्या बायका. शालू ऐटीत वाटी पुढे करणार, खडा बाहेर काढणार आणि तिच्या हातात तो मेलेला असणार. शकुन-अपशकुनावर जिनं आयुष्य काढलं, सून घराबाहेर काढली, तिच्या तोंडचं पाणी पळालेलं पाहायला आपण तिथं नसू, एवढीच निशाला हळहळ होती.

मग वैशाली आली.

दुपारची वेळ होती. सलवार-कमीज, खांद्याला कापडी पिशवी, त्यातून डोकावणारे पेपरांचे गठ्ठे. "मला शालूकाकूंनी पाठवलंय," ती काचेच्या दारातून वाकून म्हणाली. "म्हणजे होणाऱ्या सासूबाईंनी. अंगठीचं माप द्यायचं होतं."

निशानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. मुलीच्या बोटांवर लाल शाईचे डाग होते. कल्याणच्या एका क्लासमध्ये गणित शिकवते, म्हणाली. बोलकी होती. तिसरी कडी सांध्यावर अडकली तशी स्वतःशीच हसली आणि मग पुढे वाकली.

"ताई, एक विचारू? हा खडा हरवला किंवा फुटला-बिटला तर काही होतं का?"

"खड्याला?"

"नाही, घालणाऱ्याला." वैशालीनं आवाज खाली आणला. "माझा विश्वास नाही हो. पण त्या घरात सगळं शकुनावर चालतं. मागच्या आठवड्यात मी नेलेला नारळ कुजका निघाला. तर शेवंतीआत्या, म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण, कशी बघायला लागली माझ्याकडे! सगळ्याच गप्प झाल्या. आधीची सून म्हणे पांढऱ्या पायाची होती. मी प्रफुल्लला विचारलं, असं काय बोलतात तिला? तर तो गप्प बसला."

तो गप्पच बसतो, असं निशाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं चौथी कडी मुलीच्या बोटात सरकवली. ती बरोबर बसली.

"ती कुठं असते आता, माहीत आहे का तुम्हाला?" निशानं विचारलं.

"नाही. कुणी नावच घेत नाही तिचं." वैशालीनं बोट आत-बाहेर करून पाहिलं. "मला कधी कधी वाटतं, तिला भेटून विचारावं, नेमकं काय झालेलं. म्हणजे मला सांभाळून राहता येईल."

ती गेल्यावर निशानं कड्यांचा जुडगा खणात ठेवला. तो हॉल, तो चौरंग पुन्हा डोळ्यांसमोर आला, पण आता त्यात एक माणूस जास्त होतं. खडा विझला तर शालूच्या तोंडचं पाणी पळेल, हे खरं. पण किती वेळ? दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला ती मान वळवून या मुलीकडे बघेल, तिच्या पायांकडे बघेल. खडा हिच्या शुक्रासाठी, हिच्या बोटासाठी. म्हणजे दोष कुणाचा, हे ठरवायला शालूला सवड लागणार नव्हती. निशा आपल्या हातानं आणखी एक निशा तयार करायला निघाली होती.

तिला स्वतःची शिसारी आली. रागही आला, की सूडसुद्धा धड घेता येऊ नये, तिथंही ही बाई सुनेच्या आड उभी असावी. मग ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि तबकं पुन्हा काढली. सूड सोडून द्यायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि गेला.

तिनं शालूला फोन लावला.

"काकू, मुलीचं बोट बारीक आहे हो. तो खडा तिच्या हातावर धोंड्यासारखा दिसेल."

"मंग?"

"तिला दुसरा, नाजूक देते. पांढरा. तिच्या पत्रिकेला तोही चालेल. आणि तो मोठा आहे ना, त्याचं तुम्ही लॉकेट करून घ्या. तुमच्यासाठी. घरच्या मोठ्या बाईच्या गळ्यात शोभेल तो, सुनेच्या बोटात नाही."

पलीकडे शालू हसू दाबत असावी.

"मना? मी आता कुठं म्हातारी... पन तू बोलतेस तर कर. मागून बंद नको करू हां, उजेड यायला पायजेल आरपार."

"उघडंच ठेवते," निशा म्हणाली. "आणि काकू, दोन्ही एकाच वाटीत ठेवा देवापुढे. घरातल्या दोघी एकदमच घाला."

"व्हय गो. ते बरं दिसेल."

लॉकेट झालं, अंगठी झाली. दोन्ही डब्या निशानं स्वतः बांधून दिल्या. अंगठीबरोबर निगा कशी राखायची तो छापील कागद ठेवला, लॉकेटबरोबर नाही ठेवला. मोठ्या खड्यानं बांधतानाही तिच्या हातात असा जाळ फेकला की क्षणभर तिला त्या दगडाचीच कीव आली. त्या बिचाऱ्याचा यात काय संबंध.

लग्न झालं. शहाडच्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ ठेवले होते, ते निशानं पाहिले. प्रफुल्ल जाड झाला होता. व्हीलचेअरवर गोपीनाथ होते, फेटा एका बाजूला कललेला. ते एकटे त्या घरात तिच्याशी सरळ बोलायचे. त्यांचा चेहरा आला तसा तिनं व्हिडिओ पुढे सरकवला. मग शुक्रवार आला आणि गेला. शनिवारी कुणी आलं नाही. रविवारीही नाही. निशाला जेवण गोड लागेना. इतकं सगळं जुळवून आणावं आणि काय झालं ते कळूही नये, याच्याइतकी चिडचिड दुसरी नाही.

मंगळवारी भर दुपारी शालू आली. एकटीच. जरीची साडी नव्हती, घरातली सुती होती, आणि पदर गळ्याभोवती घट्ट लपेटला होता. मधुशेठ पुढे एका जोडप्याला बांगड्या दाखवत होते, त्यांच्याकडे न बघता ती सरळ आतल्या खोलीत आली आणि काचेचं दार तिनं स्वतःच लावून घेतलं.

"काय जालं याला?" तिनं मूठ उघडली.

लॉकेटमधला खडा गढूळ झाला होता. पाण्यात भिजलेल्या साबणाच्या चिपटीसारखा, कडेला पिवळट. निशानं ते हातात घेतलं, दिव्याखाली धरलं. ज्याची इतके दिवस वाट पाहिली, ते तिच्या तळहातावर होतं. शालूला बोलू द्यावं असं तिनं ठरवलं होतं.

"दोन्ही एकाच वाटीत ठेवलेले," शालू सांगू लागली. "तू बोललीस तसे. सकाली काढले. पोरीचा कसा, चांदन्यासारखा. नि माझा..." तिनं पदर गळ्याशी आणखी ओढला. "शेवंतीनं सगल्यांच्या म्होरं विचारलं, शालू, तुझाच कसा मेला गो? नि मंग बोलली, गोपीनाथची तब्येत पन तुझ्याच हातचं खाऊन बिगडली व्हती. माझी ननंद. चालीस वरसं मी तिचं केलं. तिनं माझ्या हातातलं हलदी-कुंकवाचं ताट काढून घेतलं नि पोरीच्या हातात दिलं."

"मग?"

"मंग काय? चार दिस जाले, माझ्याशी कोनी नीट बोलत नाय. प्रफुल्ल पन गप. येकटी ती पोरगी बोलते, आई, दगड हाय तो. पन ती लहान हाय." शालूनं निशाचं मनगट धरलं. तिचा हात गार होता. "तुझ्या सासऱ्याचं ऑपरेशन हाय गो पुढल्या आठवड्यात. हृदयाचं. मना झोप नाय. खरं सांग, काय जालं याला?"

निशानं मनगट सोडवून घेतलं नाही. तिला जे हवं होतं त्याच्याहून जास्त तिला मिळालं होतं. भावकी, मांडव, काढून घेतलेलं ताट, गप्प बसलेला प्रफुल्ल. सगळं जसंच्या तसं, फक्त बाई बदललेली. तिच्या छातीत आनंदाची एक उकळी आली, आणि ती आली हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. उत्तर तर तिनं कधीचं तयार ठेवलं होतं. हा खडा माणूस ओळखतो, काकू. एवढंच म्हणायचं होतं, आणि मग भिंग उचलून कामाला लागायचं होतं.

पण तिच्याआधी शालूच बोलली.

"अपशकुनच हाय ना? सांगून टाक. भटजीला विचारलंय मी. शांत करायला लागेल बोलला. ग्रहाची शांत केली की उतरतं. मी करते. नवचंडी कर बोलला तर ती पन करते. तू फकस्त सांग."

तिच्या आवाजात भीती होती, पण तिच्या बोलण्यात एक प्रकारची घाईही होती, दाराची कडी सापडलेल्या माणसासारखी. निशा तिच्याकडे बघत राहिली. आणि मग तिच्या लक्षात आलं. अपशकुन म्हटलं की ही बाई सुटली. अपशकुन हे तिचं माहेर आहे. तिथले सगळे रस्ते हिला पाठ आहेत. चार ब्राह्मण जेवतील, होम होईल, शेवंतीआत्याला पहिल्या पंगतीत बसवतील, आणि पुढच्या महिन्यात ताट पुन्हा हिच्या हातात येईल. इतका स्वस्त सूड निशाला नको होता.

"अपशकुन नाही," निशा म्हणाली.

"मंग?"

"हा दगड पाणी पितो. सच्छिद्र असतो. तुम्ही रात्रभर दुधा-मधात ठेवलात, तो दूध-मध प्याला. रंग झाकला गेला. मुलीचा खडा दुसऱ्या जातीचा आहे, तो पीत नाही, म्हणून तसाच राहिला. एवढंच."

"येवढंच?"

"एवढंच. मला माहीत होतं हे. मी तुम्हाला सांगितलं नाही."

शालूला हे शेवटचं वाक्य ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तिचा चेहरा सैल होत होता. तिनं निशाचं मनगट सोडलं, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि लांब श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजी माझ्या हातचा दोष नाय?"

"नाही."

"कोनाचाच नाय?"

"कुणाचाच नाही, काकू. हातानं काही होत नाही. पायानंही होत नाही." निशानं आवाज चढवला नाही. "सासऱ्यांचं ब्लडप्रेशर होतं. गोळ्या ते फुलाच्या कुंडीत टाकायचे. मी दोनदा तुम्हाला दाखवलेलं, कुंडीत गोळ्या सापडल्या ते. तुम्ही म्हणालात, आपण पुरुषांच्या औषधात बोलू नये. डॉक्टरही तेच सांगत होते त्या दिवशी. मी शेजारीच उभी होते."

शालूनं मान हलवली. आधी हो म्हटल्यासारखी, मग ती मधेच थांबली. आत्ताच सैल झालेला तिचा चेहरा तसाच अर्धवट राहिला. बाहेर मधुशेठ त्या जोडप्याला घडणावळ समजावून सांगत होते, त्यांचा आवाज काचेतून अस्पष्ट येत होता. शालू निशाच्या तोंडाकडे बघत होती, आणि निशाला वाटलं, ही बाई आपल्याकडे आज पहिल्यांदा बघते आहे.

"मंग तुला मी..." शालू म्हणाली.

निशानं वाक्य पुरं करायला मदत केली नाही.

शालूनं लॉकेटकडे हात केला. आवाज इतका बारीक झाला होता की निशाला पुढे वाकावं लागलं.

"नको गो. तू अपशकुनच हाय असं बोल."

"का?"

"ते मना चालेल. ते मी फेडीन. हे..." तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं. "ये पोरी, तुझ्या पाया पडते. अपशकुन बोल."

निशाला वाटलं होतं, हा क्षण आला की आपल्याला हसू येईल. तसं काही झालं नाही. पण तिला दयाही आली नाही. तिनं मऊ फडकं घेतलं, लॉकेट अलगद पुसलं, कापसात गुंडाळलं आणि गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करून, सगळं सांगितलं.

"उन्हात ठेवायचा नाही, तडकेल. पंख्याखाली नाही, कपाटात नाही. कापसात, घरातल्या सावलीत ठेवा. हात लावू नका. आठ-पंधरा दिवसांत वाळेल. थोडी पिवळट झाक राहील, पण रंग परत येतील. आले की भावकीत सगळ्यांना दाखवा. शेवंतीआत्यांना दाखवा, वैशालीला दाखवा. कशानं गेले होते तेही सांगा."

डबी तिनं शालूच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं वरून मिटली. ती बोटं आपणहून मिटत नव्हती.

"सासऱ्यांचं ऑपरेशन नीट होईल," ती म्हणाली. "गोळ्या वेळेवर द्या."

मग निशानं भिंग डोळ्याला लावलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा खडा चिमट्यात धरला. तिला तो नीट दिसत नव्हता, तरी ती बघत राहिली. स्टुलाचा आवाज होईल, काचेचं दार उघडेल, याची तिनं वाट पाहिली. दार उघडलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली तेव्हा शालू तिथंच बसलेली होती. डबी तिनं दोन्ही हातांत गच्च धरली होती आणि ती उघडून बघायचं धाडस तिला होत नव्हतं, कारण आतले रंग परत यायला लागले असतील, म्हणजे अपशकुन कधी नव्हताच, याचीच तिला आता भीती वाटत होती.